तात्पर्य नसलेल्या गोष्टी

मराठीत छपाई अजून बाळसं धरत होती तेव्हा, १८२८ साली, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापनीती मराठी मुलांच्या हाती दिली. ‘बाळमित्र’ही त्यांचाच, आणि तोही मूळ युरोपातला. मराठी मुलांना छापील गोष्ट सुरुवातीला भेटली ती अशी परमुलखातून आलेली. त्याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही; इसाप आता आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याला परका म्हणणं जिवावर येतं. पण त्याच्याबरोबर तात्पर्यही आलं आणि तेही कायमचं मुक्कामाला राहिलं.

गोष्ट संपली की खाली रेघ मारायची आणि ती कशासाठी सांगितली ते दोन ओळींत लिहायचं. ही सवय आधी क्रमिक पुस्तकांनी उचलली, मग मासिकांनी आणि शेवटी आईबापांनी. आज रात्री मुलाला गोष्ट वाचून दाखवणारा बापही शेवटचं पान मिटताना विचारतो, “मग यातून आपण काय शिकलो?” मूल बिचारं झोपेत असतं, ते काहीतरी ठरलेलं उत्तर देतं आणि कुशीवर वळतं.

छापील गोष्टी अशा रुळत होत्या त्याच काळात घराघरांत दुसऱ्याच गोष्टी चालू होत्या. शेणाचं घर बांधणारा कावळा, भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी, टोपी घालून राजाला चिडवणारा उंदीर, आवडती आणि नावडती राणी, सात भावांची एकुलती बहीण. या कुणी छापाव्यात असं बरीच वर्षं कुणाला वाटलं नाही, कारण त्या सगळ्यांनाच येत होत्या. जे सगळ्यांना येतं ते छापून विकत कोण घेणार? आता ही परिस्थिती उलटली आहे. म्हणून हा संग्रह.

यातल्या एकाही गोष्टीखाली तात्पर्य नाही. ते का नाही, हे सांगायचं तर उंदराच्या टोपीपासून सुरुवात करावी लागेल.

उंदराला वाटेत फडक्याचा तुकडा सापडतो. तो धोब्याकडून धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून त्याची टोपी शिवून घेतो, तिला गोंडे लावून घेतो. प्रत्येक ठिकाणी आधी नकार, मग उंदराचा दम, मग मुकाट काम. टोपी चढवून, ढोलकं वाजवत तो राजवाड्यासमोर उभा राहतो आणि गाऊ लागतो की राजाच्या टोपीपेक्षा माझी झोकदार. राजा चिडतो, शिपायांकडून टोपी हिसकावून घेतो. उंदीर लगेच गावभर सांगतो की राजा भिकारी आहे, त्याला माझी टोपी लागली. राजा वैतागून टोपी परत फेकतो. तर उंदीर आता दुप्पट जोरात सांगत सुटतो की राजा मला भ्याला. संपली गोष्ट.

लिहा याचं तात्पर्य! मोठ्यांची थट्टा करू नये? उंदराला तर काहीच शिक्षा होत नाही. कष्टाचं फळ गोड असतं? कष्ट धोब्याने केले, शिंप्याने केले, मिरवला उंदीर. चार वर्षांच्या पोराला ही गोष्ट आवडते याचं कारण सरळ आहे: आपल्याएवढ्याच एका जिवाने सगळ्यांत मोठ्या माणसाला दोन्ही बाजूंनी कोंडीत पकडलं. टोपी घेतली तरी राजा हरला, दिली तरी हरला. पुढे कधी सत्तेपुढे हसायची वेळ आली तर हे त्या पोराला उपयोगी पडेलही, पण तो त्याचा प्रश्न. आपण गोष्ट सांगून बाजूला व्हावं.

ही गोष्ट या संग्रहात निफाडकडच्या एका आजींनी सांगितली तशी दिली आहे. आम्ही समोर बसलो, रेकॉर्डर लावला, तेव्हा आजींनी ती सात-आठ वाक्यांत उरकली. मग नातू शाळेतून आला, मांडीला मांडी लावून बसला, आणि तीच गोष्ट अर्धा तास चालली. गोंडे किती, हे त्याने विचारलं. आजी म्हणाल्या सात. पुढे शिंप्याकडे पोचेपर्यंत आठ झाले होते. नातवाने पकडलं, तर म्हणाल्या, “एक वाटेत सापडला त्याला.” तो वाटेत सापडलेला आठवा गोंडा आम्ही पुस्तकात ठेवला आहे. संपादनाच्या वहीत एका सहकाऱ्याने तिथे ‘विसंगती’ असा शेरा मारला होता. तो खोडला.

सांगणारा, ऐकणारा आणि छापणारा यांच्यात पहिले दोघे असले की गोष्ट जिवंत राहते. तिसरा आला की काहीतरी वगळलं जातं. तिसऱ्याने निदान इतकं करावं, की काय वगळलं ते सांगावं आणि कुणाकडून घेतलं ते लपवू नये. या बाबतीत आपल्या भागातला एक जुना दाखला मोठा बोलका आहे.

१८६५-६६च्या हिवाळ्यात मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होता. सोबत मुलगी मेरी होती, आणि मेरीची आया अ‍ॅना लिबेराता डिसूझा. छावणीच्या मुक्कामात वेळ जाईना म्हणून मेरीने आयेला गोष्टी सांगायला लावल्या आणि त्या लिहून घेतल्या. १८६८ साली लंडनला त्यांचं पुस्तक निघालं, ‘ओल्ड डेक्कन डेज’. तोंडी गोष्टी सांगणाऱ्याच्या समोर बसून टिपलेल्या भारतीय लोककथांचा इंग्रजीतला हा अगदी सुरुवातीचा संग्रह. अ‍ॅना गोव्याकडच्या ख्रिस्ती घरातली. तिचे पूर्वज लिंगायत होते आणि गोव्याला येऊन ख्रिस्ती झाले. या गोष्टी तिला तिच्या आजीने सांगितलेल्या. नवरा गेल्यावर पोटासाठी तिने आयेची नोकरी धरली होती. हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण मेरी फ्रिअरने पुस्तकात अ‍ॅनाची स्वतःची हकिगतही छापली. गव्हर्नरच्या मुलीने आयेचं आयुष्य पुस्तकाच्या तोंडाशी ठेवावं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

तरी जायचं ते गेलंच. अ‍ॅनाने या गोष्टी मेरीला इंग्रजीत सांगितल्या. तिच्या आजीने त्या ज्या शब्दांत सांगितल्या असतील त्यांतला एकही शब्द आपल्यापर्यंत आला नाही. जादूगाराचा जीव दूर कुठेतरी पिंजऱ्यातल्या पोपटात ठेवलेला, ही कल्पना आली. पण ते सांगताना आजी आवाज कुठे खाली आणायची, ते आलं नाही.

पंचेचाळीसेक वर्षांनी सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने आपल्या चातुर्मासातल्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हे त्याचं पुस्तक १९१४ साली मॅकमिलनने काढलं, चित्रं एम. व्ही. धुरंधरांची. चित्रं आजही बघत राहावीत अशी आहेत. पण या कहाण्या कुणाच्या तोंडून आल्या, ते त्यात शोधून सापडत नाही. शिवाय ‘नर्सरी’ हा मुलांच्या खोलीचा शिक्का त्यांच्यावर बसला, आणि तो मला कधी पटला नाही. कहाणी ही मुलांची गोष्ट कधीच नव्हती. ती बायकांची. हातात अक्षता घेऊन ऐकायची, नेमून दिलेल्या वारी सांगायची, आणि मुलं तिथे असायची ती प्रसादाच्या आशेने.

असायची, हे मात्र महत्त्वाचं. मुलांच्या कानावर पडलेल्या अशाच गोष्टींची दुसऱ्या भाषांत पुस्तकं झाली. बंगालमध्ये १९०७ साली दक्षिणारंजन मित्र मजुमदारांचं ‘ठाकुरमार झुली’ आलं. त्याला प्रस्तावना रवींद्रनाथांची. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या भरात ते घराघरांत गेलं आणि अजून तिथून हललेलं नाही. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढलं आणि मुलांना लोककथा सांगता सांगता त्यांची पुस्तकं केली. राजस्थानात विजयदान देथांनी बोरुंद्यात बसून ‘बातां री फुलवारी’चे एकामागून एक खंड लिहिले. मराठीत असं एक पुस्तक कोणतं, असं कुणी विचारलं तर आपण अडखळतो. माझ्या मते उत्तर आहे, पण ते पुस्तकांच्या कपाटात नाही. ते देवघरात आहे. ‘संपूर्ण चातुर्मास’. आटपाट नगरापासून सुफळ संपूर्णापर्यंतचा मराठी गद्याचा तो सगळा ठेवा आपण व्रतवैकल्यांच्या खणात ठेवून दिला. व्रतं सुटली तशा गोष्टीही सुटल्या.

सोमवारच्या खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटते, गावातलं सगळं दूध देवळात आणून ओतायचं. लोक धाकाने वासरांच्या तोंडचं, पोरांच्या वाटीतलं दूध घेऊन येतात. गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरचं काम आवरते, पोरांना पाजते, वासरांना पाजते, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन येते. ते ओतलं आणि गाभारा भरला. या कहाणीत व्रत आहे, देव आहे, पण म्हातारीच्या घरातली ती सकाळ काढून घेतली तर काहीच उरत नाही. व्रत न करणाऱ्या घरातही ही गोष्ट सांगता येते. कुठल्याही धर्माच्या घरात सांगता येते. आम्ही यात अशा काही कहाण्या घेतल्या आहेत आणि त्यांतले उतण्यामातण्याचे इशारे आहेत तसे ठेवले आहेत, कारण ते कहाणीच्या अंगातच आहेत. खाली रेघ मारून कुणी मागाहून चिकटवलेले नाहीत.

अभ्यासकांनी आपल्याकडे काम केलं नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. मालतीबाई दांडेकरांचं ‘लोकसाहित्याचे लेणे’ आहे. दुर्गाबाई भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ १९५६ सालची. शिवाय त्यांनी निरनिराळ्या प्रांतांच्या लोककथा सोप्या मराठीत आणल्या, आणि त्या वाचून वाढलेली एक पिढी आहे. सरोजिनी बाबरांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीची धुरा वर्षानुवर्षं वाहिली. खेड्यापाड्यांतून शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी, घरच्या बायकांनी पाठवलेलं साहित्य त्यांनी खंडामागून खंड काढून छापलं. त्या खंडांशिवाय आमचा हा संग्रह उभा राहिला नसता. फक्त ते खंड ग्रंथालयात आहेत, आणि मूल उशीपाशी आहे. मधलं अंतर तोडायचं, एवढंच आमचं काम.

तोडताना काय काय आडवं आलं, ते आता सांगतो.

चिऊ-काऊची गोष्ट सगळ्यांत लहान मुलाला सांगायची, म्हणून आम्हाला ती सगळ्यांत सोपी वाटली होती. तीच सगळ्यांत अवघड निघाली. मेणाचं घर, शेणाचं घर, पाऊस, घर वाहून गेलेला कावळा दारात. चिमणी आतून एकेक काम सांगत राहते: बाळ उठलंय, त्याला न्हाऊ घालते, अंग पुसते, काजळ लावते, झोपवते. इथपर्यंत सगळ्यांची गोष्ट एक. दार उघडल्यावर मात्र प्रत्येक घराची वेगळी. कुठे कावळा चुलीपाशी शेकत बसतो आणि गुपचूप झोपतो. कुठे तो रात्री कुटुरकुटुर काहीतरी खातो. चिमणी विचारते तर चणे म्हणतो, सकाळी घरट्यात पिल्लं नसतात. कुठे चिमणीच त्याला तापल्या तव्यावर बसवते आणि तो पोळून पळतो. आजची पुस्तकं बहुधा पहिला शेवट देतात किंवा दोघांची मैत्री लावून देतात. आम्ही तिन्ही दिले आहेत, एकापाठोपाठ. घरातल्या मोठ्यांनी आपल्या पोराचा जीव ओळखून निवडावा. माझा अनुभव असा, की पिल्लं खाल्लेला शेवट ऐकून मूल एकदा गप्प होतं आणि दुसऱ्या दिवशी नेमका तोच मागतं.

मुलांना क्रूर गोष्टी सांगाव्यात का, हा वाद जुना आहे. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली गोष्टी छापल्या त्या मुख्यतः अभ्यासकांसाठी, टिपांसकट. मुलांना जड जातात अशी ओरड झाली, तेव्हा विल्हेल्मने पुढच्या आवृत्त्यांत हात फिरवला, १८२५ साली निवडक पन्नास गोष्टींची छोटी आवृत्ती काढली. गंमत म्हणजे त्याने शिक्षांची क्रूरता फारशी कमी केली नाही. त्याला खटकल्या त्या आया. पोरांना रानात सोडायला लावणारी सख्खी आई पुढे सावत्र झाली, हिमगौरीची आईही सावत्र झाली. आपल्या गोष्टींत सावत्र आई मुळातच आहे आणि तिच्यावर आपण इतका भार टाकला आहे, की ज्या घरात खरोखर सावत्र आई आहे तिथे ही गोष्ट कशी वाचायची, हा प्रश्न आम्हाला पडला. आम्ही तिला बदललं नाही. पण सात-आठ गोष्टींपैकी दोनच ठेवल्या.

जातींचं तसंच. गोष्टीतला न्हावी चहाटळ, वाणी कवडीचुंबक, ब्राह्मण दरिद्री आणि खादाड, हे साचे कुणी एकाने घडवलेले नाहीत. पण ऐकणाऱ्या वर्गात त्या त्या आडनावाचं पोर बसलेलं असतं. धंदा गोष्टीला लागतच असेल, तर तो ठेवला. उंदराला टोपी शिवून हवी आहे, तर शिंपी हवाच. निव्वळ हसण्यासाठी जात आली असेल तर ती काढली, आणि काढली हे गोष्टीखाली सांगितलं. नावडत्या राणीच्या बाळाच्या जागी वरवंटा ठेवणारी आवडती राणी, सुनेला शिळंपाकं घालणारी सासू, या राहिल्या. त्या गोष्टी सुनांनीच सांगितलेल्या आहेत. त्यांतली तक्रार पुसण्याचा अधिकार आपला नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही मुलांच्या पुस्तकात घेतली नाही. सटवाई रोज रात्री बाळांच्या कपाळी नशीब लिहायला जाते. तिची मुलगी विचारते, माझ्या कपाळी काय लिहिलंस? आई टाळते, मुलगी हट्ट धरते, आणि उत्तर येतं: तुझं लग्न तुझ्याच मुलाशी होईल. मुलगी रानात एकटी राहते, पुरुषाचं तोंड पाहत नाही, तरी लिहिलेलं चुकत नाही. इरावती कर्व्यांनी ही मराठी गोष्ट १९५० साली ‘मॅन’ या इंग्रजी नियतकालिकात मांडली, ग्रीकांच्या ईडिपसच्या गोष्टीशेजारी ठेवून. अभ्यासकांनी दोन्हींतला फरक दाखवला आहे: ग्रीक गोष्ट मुलाच्या बाजूने चालते, आपली आईच्या बाजूने. एवढी मोठी गोष्ट आपल्या खेड्यांतल्या बायकांनी जपली, हे मुलांना मोठेपणी कळलंच पाहिजे. पण सातव्या वर्षी नको, एवढंच.

‘आपल्या गोष्टी’ म्हणताना जीभ जराशी आवरावी. भोपळ्यातली म्हातारी आपली खरी. पण बंगालात उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या ‘टुनटुनिर बोई’त अशीच एक कुबडी म्हातारी दुध्या भोपळ्यात बसून घरंगळते. इराणमध्ये तीच म्हातारी लेकीकडून भोपळ्यातून परत येते, वाटेत लांडगा, बिबट्या, सिंह. पंजाबात फ्लोरा अ‍ॅनी स्टीलने १८९४च्या आपल्या संग्रहात दिलेल्या गोष्टीत म्हातारीऐवजी कोकरू आहे, ते आजीकडे खाऊन गलेलठ्ठ होतं आणि ढोलात बसून येतं. ढोल मढवलेला आहे त्याच्या मेलेल्या भावाच्या कातड्याने. तिथे कोल्हा आवाज ओळखतो आणि कोकरू खाल्लं जातं. आपली म्हातारी सुखरूप घरी पोचते, हे आपलं. भोपळा सगळ्यांचा.

भाषेबद्दल थोडं. निवेदन साध्या मराठीत ठेवलं आहे, पात्रांचं बोलणं सांगणाऱ्याच्या बोलीत. वऱ्हाडातली सासू वऱ्हाडीत भांडते, मालवणचा म्हातारा मालवणीत. अहिराणी ज्या घरात येत नाही त्यांनी मोठ्याने वाचावं. डोळ्यांना अडणारं कानाला बरंच कळतं. उतरंड, शिंकं, कणगी, चुलीचा वैल यांची चित्रं दिली आहेत, अर्थ दिलेले नाहीत. पुनरावृत्ती कुठेही छाटलेली नाही. कागद वाचतो म्हणून आधी छाटली होती. मग मुलांना वाचून दाखवल्यावर तिसऱ्यांदा धोब्याकडे जायच्या जागी ती स्वतःच पुढचं बोलू लागली, आणि सगळं परत घातलं.

प्रत्येक गोष्टीखाली सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि त्यांनी ती कुणाकडून ऐकली ते दिलं आहे. बहुतेक ठिकाणी ‘आजीकडून’ असं आहे. तीन-चार ठिकाणी ‘गड्याकडून’, एके ठिकाणी ‘एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईंकडून’. रेघेखाली एवढंच. जी जागा एरवी तात्पर्याला जाते, ती सांगणाऱ्याला दिली.

आता वाचकांकडे एक मागणं. यातली गोष्ट तुमच्या घरात निराळी सांगितली जात असेल, आणि ती जातच असणार, तर ती आमची चूक समजून सोडून देऊ नका आणि तुमचीही समजू नका. घरात अजून कुणी सांगणारं असेल तर फोन समोर ठेवून रेकॉर्ड करा. सांगताना त्यांना थांबवू नका, शब्द सुधारू नका, आणि शक्यतो एखादं पोर समोर बसवा. नंतर लिहून काढताना नाव, गाव, साल टाका. पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोरी पानं बांधली आहेत. ती भरली की त्यांची एक प्रत आम्हाला पाठवा; पुढची आवृत्ती त्यांतून निघेल, आणि रेघेखाली तुमच्या माणसाचं नाव असेल.